सात मेगाहर्ट्झचा डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर आणि त्याच्या ऑसिलेटरची गळती

डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरची आकृती कागदावर चार चौकोनांत मावते: अँटेनाकडचा फिल्टर, दोन सिग्नल मिसळणारा मिक्सर, ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल निर्माण करणारा ऑसिलेटर आणि ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर. ऑसिलेटर सिग्नलच्याच फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्यामुळे मिक्सरमध्ये दोघांचा फरक थेट ऐकू येण्याजोग्या आवाजाच्या रूपात हाती लागतो. सुपरहेटरोडाइन या नेहमीच्या रेडिओ रचनेतली मधली फ्रिक्वेन्सी आणि तिच्यासाठी लागणारी क्रिस्टल फिल्टरे इथे लागत नाहीत. ही कल्पना १९२० च्या दशकातली असली, तरी हौशी मंडळींत ती रुजली ती १९६८ मध्ये वेस हेवर्ड आणि डिक बिंगहॅम यांनी ती पुन्हा पुढे आणल्यावर. या साधेपणाची किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. ऑसिलेटर आणि हवा असलेला सिग्नल एकाच फ्रिक्वेन्सीवर असल्यामुळे ऑसिलेटरची बाहेर पडलेली गळती कुठूनतरी परत आत आली, तर तिला अडवू शकेल असा फिल्टर अस्तित्वातच असू शकत नाही. शिवाय १ मायक्रोव्होल्टचा सिग्नल हेडफोनसाठी दशांश व्होल्टपर्यंत न्यायचा, म्हणजे व्होल्टेज एक लाख पटींनी, अर्थात १०० डेसिबेलने वाढवायचे, हे जवळजवळ सगळे काम ऑडिओ टप्प्यातच करावे लागते; त्यामुळे मिक्सरमध्ये झालेली लहानशी गडबडही कानापर्यंत मोठी होऊन येते.

नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या घरी हा रिसीव्हर बांधताना या दोन्ही गोष्टी मला एकेक करून हाताळाव्या लागल्या. गच्चीवर सुमारे २० मीटर लांबीचा डायपोल (तारेची अँटेना) होता, तिथून आरजी-५८ केबल खिडकीतून टेबलापर्यंत आणलेली होती, आणि ऐकायचा होता तो ४० मीटरचा बँड, जो आपल्याकडे हॅमसाठी, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालकांसाठी, ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ असा आहे. पहिल्या रचनेत एसए६१२ ही मिक्सरची आयसी, तिच्यातलाच ऑसिलेटर आणि शेवटी एलएम३८६ ही आवाज वाढवणारी आयसी एवढेच होते. सकाळच्या वेळी देशभरातल्या हॅम मंडळींच्या गप्पा त्यावर इतक्या स्वच्छ ऐकू येत, की या परिपथाला आणखी काही लागेल असे वाटू नये.

संध्याकाळ झाली की मात्र चित्र पालटत असे. ७.२ मेगाहर्ट्झच्या लगेच वर लघुलहरींवरील प्रसारणाचा ४१ मीटरचा बँड सुरू होतो आणि अंधार पडता पडता तिथली केंद्रे अतिशय जोरात येऊ लागतात. डायल कुठेही फिरवला तरी मागे तीन-चार भाषांतले निवेदन आणि संगीत एकत्र मिसळून चालूच राही. ट्यूनिंग बदलल्याने त्या आवाजात काडीचाही फरक पडत नसे, आणि हीच त्यातली सर्वांत महत्त्वाची खूण होती: जो आवाज ट्यूनिंगला जुमानत नाही, तो ऑसिलेटरच्या मदतीने तयार झालेला नसतो. मिक्सर त्या वेळी मिक्सर म्हणून नव्हे, तर साध्या डिटेक्टरसारखा वागत असतो आणि बलवान एएम सिग्नलचे आवरण, म्हणजे त्याच्या जोरातला चढउतार, परस्पर उलगडून ऑडिओकडे पाठवत असतो.

याची खात्री करण्यासाठी मी १०० ओहमचे दोन आणि ६८ ओहमचा एक असे तीन रेझिस्टर जोडून सिग्नल सुमारे १० डेसिबेलने घटवणारा अ‍ॅटेन्युएटर तयार केला आणि तो अँटेनाच्या मार्गात घातला. या संपूर्ण कामात मला इतके उपयोगी पडलेले दुसरे साधन नाही. हवा असलेला हॅमचा सिग्नल त्याने १० डेसिबेलने, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण तीन पटींनी कमी झाला. मागची ती खिचडी मात्र जवळजवळ दहा पटींनी, म्हणजे २० डेसिबेलने खाली गेली. द्वितीय घाताच्या विकृतीचे लक्षण नेमके हेच आहे. इनपुट १० डेसिबेलने घटवले की तिचे फळ २० डेसिबेलने घटते, आणि तृतीय घाताच्या इंटरमॉड्युलेशनचे (जोरदार सिग्नल एकमेकांत मिसळण्याचे) फळ ३० डेसिबेलने. हेडफोनच्या टोकांवर मल्टिमीटर एसी रेंजवर लावूनसुद्धा हा फरक दिसतो, त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. एखादा आवाज खरा सिग्नल आहे की रिसीव्हरने स्वतः घडवलेला, हे कानाच्या अंदाजापेक्षा तो किती पटींनी घटतो यावरून ठरवणे कितीतरी भरवशाचे ठरते.

मागच्या गोंधळात एक आवाज दिवसभर येत असे, आणि तो होता ५८५ किलोहर्ट्झवरच्या आपल्या नागपूर आकाशवाणीचा. गावातलेच मध्यम लहरींचे केंद्र असल्याने त्याचा जोर किती असेल हे वेगळे सांगायला नको. त्याचा बंदोबस्त सोपा होता. पिवळ्या टी५०-६ टोरॉइडवर (चुंबकीय कड्यावर) ३५ वेढ्यांची, म्हणजे ४.९ मायक्रोहेन्रीची कॉइल, तिला जुळणारा सुमारे १०० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर, अशी दोन वर्तुळे ४.७ पिकोफॅरडने एकमेकांशी जोडली आणि तो बँडपास फिल्टर अँटेना व मिक्सर यांच्यामध्ये बसवला. ५८५ किलोहर्ट्झ तिथेच संपले. पण ७.२५ मेगाहर्ट्झवरचे केंद्र या फिल्टरच्या दृष्टीने अगदी उंबरठ्यावरच असते आणि ते बहुतांश तसेच आत शिरते, म्हणून संध्याकाळच्या त्रासात फारसा फरक पडला नाही. तो प्रश्न मिक्सरच्या स्वतःच्या ताकदीचा होता. एसए६१२ चा तृतीय घाताचा इंटरसेप्ट बिंदू, म्हणजे जोरदार सिग्नल सोसण्याचे माप, इनपुटला सुमारे उणे १३ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबेल) इतकाच आहे. चार डायोडांच्या रिंग मिक्सरला ऑसिलेटरकडून ७ डीबीएम, म्हणजे ५ मिलिवॅट शक्ती दिली, तर तोच बिंदू अधिक १३ डीबीएमच्या आसपास जातो. शिवाय रिंग चांगली समतोल असेल, तर आवरण उलगडण्याची तिची प्रवृत्तीही बरीच दबते. म्हणून मी रिंगकडे वळलो.

रिंगचा समतोल डायोडांच्या सारखेपणावर अवलंबून असतो. बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानात मी १एन४१४८ चे डायोड मागितले, तेव्हा दुकानदार म्हणाले, “भाऊ, मोजून कुठं देत बसू, पूर्ण पट्टीच घेऊन जा.” तो सल्ला योग्यच होता, कारण एकाच पट्टीतले डायोड एकमेकांशी बरेच मिळतेजुळते असतात. घरी आल्यावर प्रत्येक डायोडमधून १ मिलिअँपिअर प्रवाह सोडून त्याच्यावरचे व्होल्टेज मोजले आणि पांढऱ्या कागदावर आकड्यांप्रमाणे ओळी लावल्या. या मोजणीत एक गोष्ट फार जपावी लागते. सिलिकॉन डायोडचे व्होल्टेज तापमानाच्या प्रत्येक अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने घसरते. चिमटीत धरलेला डायोड बोटांच्या उबेने बदलतो, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. उन्हाळ्याच्या दिवसांत छताचा पंखा चालू असेल तर वाऱ्याच्या झुळकीसरशी शेवटचा अंक खालीवर होत राहतो. पंखा बंद करून, डायोड चिमट्याने उचलून आणि प्रत्येकाला थोडा वेळ देऊन मी एकमेकांपासून एका मिलिव्होल्टच्या आतले चार निवडले. ट्रान्सफॉर्मरसाठी एफटी३७-४३ टोरॉइडवर तीन तारा एकत्र पिळून दहा वेढे घेतले.

रिंगच्या पुढे काय जोडले आहे याला रिंगइतकेच महत्त्व आहे. मिक्सरमधून फरकाबरोबर बेरीजही बाहेर पडते, म्हणजे १४ मेगाहर्ट्झचा भाग, आणि त्याला शांतपणे ५० ओहममध्ये जिरवले नाही तर तो मागे फिरून डायोडांचे काम बिघडवतो. त्याचप्रमाणे ७.१ मेगाहर्ट्झ ऐकत असताना ७.२५ चे केंद्र मिक्सरच्या बाहेर १५० किलोहर्ट्झ होऊन येते. ते पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोहोचले तर त्याचा बेस-एमिटर जोडच डिटेक्टर बनतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. म्हणून मिक्सरनंतर प्रथम ऑडिओ आणि उच्च फ्रिक्वेन्सी वेगळ्या वाटांनी नेणारा डिप्लेक्सर, त्यानंतर सुमारे ३ किलोहर्ट्झला कापणारा एलसी फिल्टर, आणि त्यानंतरच पहिला ट्रान्झिस्टर असा क्रम ठेवला. तो ट्रान्झिस्टर कॉमन बेस पद्धतीने अर्ध्या मिलिअँपिअरवर चालवला, कारण २६ मिलिव्होल्ट भागिले ०.५ मिलिअँपिअर हा हिशेब इनपुटला ५२ ओहम देतो आणि मिक्सरला हवा असलेला भार आपोआप मिळतो. हे सारे जोडल्यावर संध्याकाळची खिचडी जवळजवळ नाहीशी झाली.

ऑसिलेटरचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथून पुढे सुरू झाला. एसए६१२ मध्ये ऑसिलेटरची शक्ती अगदी अल्प होती, आता ती ५ मिलिवॅट झाली होती. घरी बांधलेल्या रिंगमध्ये ऑसिलेटरकडून अँटेनाच्या टोकाकडे जाणारी गळती ४० डेसिबेलने दबते असे धरले, तरी ७ वजा ४०, म्हणजे उणे ३३ डीबीएम अँटेनाकडे जातात. रिसीव्हरच्या सिग्नलमापकावरची एस-९ ही जोरदार सिग्नलची पातळी लघुलहरींवर म्हणजे उणे ७३ डीबीएम. याचा अर्थ माझा रिसीव्हर एस-९ च्या ४० डेसिबेल वरचा एक कॅरियर (आवाजाविना नुसती लहर) स्वतःच्याच अँटेनाला देत होता. शक्तीच्या भाषेत तो केवळ अर्धा मायक्रोवॅट भरतो, पण आमच्याच ले-आउटमध्ये दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका ज्येष्ठ हॅमकाकांना तो पुरेसा होता. त्यांनी फोन करून विचारले, “अरे, ७०८५ वर एक कॅरियर फिरतोय, डायल तूच फिरवतो आहेस का?” मी डायल किंचित वर नेला आणि ते लगेच म्हणाले, “हो, तूच. इकडे एस-७ येतोस.” ऐकण्याच्या यंत्राने शेजाऱ्याच्या बँडमध्ये कॅरियर सोडावा हे मला मुळीच मान्य होण्यासारखे नव्हते, आणि त्यात माझेही नुकसान होतेच.

ते नुकसान गुणगुणीच्या रूपाने समोर आले. साधी मेन्सची गुणगुण सगळ्या डायलवर सारखी असते आणि अँटेना काढली तरी जात नाही. ही गुणगुण वेगळी होती. अँटेना काढताच ती थांबे, बँडच्या एका भागात जोरात तर दुसऱ्या भागात मंद असे, आणि केबलजवळ हात नेला की तिचा पोत बदलत असे. ऑसिलोस्कोपवर ती १०० हर्ट्झची दिसली. कारण असे की ऑसिलेटरची गळती अँटेना आणि केबलच्या बाहेरच्या कवचावरून घरातल्या वायरिंगमध्ये जाते, तिथे पॉवर सप्लायचे रेक्टिफायर डायोड ५० हर्ट्झच्या मेन्सवर सेकंदाला १०० वेळा उघडतात-मिटतात, त्या उघडमिटीने गळतीचा कॅरियर मॉड्युलेट होतो आणि तोच पुन्हा अँटेनातून आत येतो. फ्रिक्वेन्सी अगदी आपलीच असल्याने मिक्सर त्याचे इमानाने ऑडिओ करतो. मी पॉवर सप्लायच्या ब्रिजमधल्या चारही १एन४००७ डायोडांवर ०.०१ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर लावले आणि गुणगुण बरीच उतरली. त्यानंतर रिसीव्हर बॅटरीवर चालवून पाहिला, तरी ती पूर्ण गेली नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखे आहे: गळतीला आपलाच पॉवर सप्लाय लागतो असे नाही, टीव्हीचा अडॅप्टर, मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवे, यांतला कोणताही रेक्टिफायर तिला पुरतो. केबल खिडकीतून आत येते तिथे फेराइटच्या मोठ्या रिंगवर तिचे दहा-बारा वेढे घेऊन चोक केला, तेव्हा कवचावरून होणारी ये-जा थांबली आणि उरलेली गुणगुण ऐकू येईनाशी झाली.

गळती मुळातच कमी करण्यासाठी बँडपास फिल्टर आणि मिक्सर यांच्यामध्ये बीएफडब्ल्यू१० या जेएफईटी ट्रान्झिस्टरचा कॉमन गेट टप्पा घातला. त्याने मिळणारी वाढ मला नको होती, कारण वाढ म्हणजे मिक्सरवर अधिक ताण. म्हणून ६ डेसिबेलचा अ‍ॅटेन्युएटर त्याच्या मागोमाग जोडून ती बरीचशी परत काढून घेतली. मला हवा होता तो या टप्प्याचा दुसरा गुण: उलट दिशेने, मिक्सरकडून अँटेनाकडे, तो जवळजवळ काहीच जाऊ देत नाही, आणि अ‍ॅटेन्युएटरही त्या दिशेने आपले ६ डेसिबेल घेतोच. काकांना पुन्हा ऐकायला सांगितले, तेव्हा त्यांना फ्रिक्वेन्सी अचूक सांगितल्यावरच तो कॅरियर एस-१ ला सापडला.

याच उपायाने आणखी एक उपद्रव आपोआप कमी झाला. आमच्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय खोलीत बसणे अशक्य असते. कूलर खिडकीच्या चौकटीत अडकवलेला आणि टेबल त्याच भिंतीला टेकलेले असल्याने त्याची थरथर रिसीव्हरपर्यंत पोहोचत असे. हेडफोनमध्ये प्रत्येक आवाजाला एक बारीक कंप येई आणि डब्यावर टिचकी मारली तर घंटेसारखा नाद उमटे. परत येणाऱ्या गळतीची फेज पत्र्याच्या आणि तारांच्या सूक्ष्म हालचालीने बदलते, मिक्सरच्या बाहेरचे डीसी व्होल्टेज तिच्याबरोबर हलते आणि १०० डेसिबेलच्या वाढीनंतर तीच हालचाल आवाज बनते. गळती घटली तसा हा नादही घटला. जो थोडा उरला तो ऑसिलेटरच्या कॉइलमुळे होता. टोरॉइडचे वेढे मेणाने पक्के केले, आतल्या तारा आखूड केल्या आणि डब्याखाली रबराचे तुकडे ठेवले. ऑसिलेटरमध्ये एनपी० प्रकारचेच, म्हणजे तापमानाने जवळजवळ न बदलणारे, कॅपॅसिटर वापरले होते, तरीही पारा ४४ अंशांवर गेला की पहिला अर्धा तास फ्रिक्वेन्सी सरकत राहते, तेव्हा रिसीव्हर आधी चालू करून ठेवणे हेच बरे.

काका स्वतः १०० वॅटवर बोलू लागले की त्यांचा आवाज माझ्याकडे थरथरत येई, जणू प्रत्येक शब्दाबरोबर फ्रिक्वेन्सी ढळते आहे. तसे खरोखरच घडत होते. एवढा बलवान सिग्नल मिक्सरमधून मागे ऑसिलेटरपर्यंत पोहोचला तर तो ऑसिलेटरला आपल्या फ्रिक्वेन्सीकडे खेचतो. हे ओळखण्याची खूण अशी, की एखाद्या जोरदार कॅरियरवर हळूहळू डायल आणला तर बीट नोट (दोन फ्रिक्वेन्सींच्या फरकाचा स्वर) सलगपणे शून्याकडे जाण्याऐवजी खोल स्वरापर्यंत येते आणि एकदम तुटते; ऑसिलेटर त्या कॅरियरला चिकटलेला असतो. ऑसिलेटरला मिक्सरपासून अलग ठेवणाऱ्या बफरचा एक टप्पा वाढवल्याने सुधारणा झाली, पण समाधान झाले ते ऑसिलेटरच निम्म्या फ्रिक्वेन्सीवर नेल्यावर. आता तो ३.५ ते ३.६ मेगाहर्ट्झवर चालतो, दोन डायोडांचा दुपटीकर मिक्सरला लागूनच बसतो आणि ७ मेगाहर्ट्झची निर्मिती त्या एका लहान, तांब्याच्या पत्र्याने बंद केलेल्या कप्प्यातच होते. ऑसिलेटर आणि मिक्सर यांच्यातल्या केबलवर ७ मेगाहर्ट्झ जवळपास नसतेच. काकांचा आवाज आता स्थिर येतो.

दुपारच्या वेळी एक परके प्रसारण बँडच्या वरच्या टोकाला, ७.१६ च्या आसपास सापडू लागले होते. ते ट्यूनिंगला जुमानत होते, म्हणून संध्याकाळच्या खिचडीपेक्षा ते निराळे. पण डायल १ किलोहर्ट्झ हलवला की त्याची बीट नोट ३ किलोहर्ट्झने बदलत होती. एवढ्यावरून उत्तर मिळते. रिंग मिक्सर ऑसिलेटरच्या तिसऱ्या पटीवरही काम करतो आणि ७.१६ ची तिप्पट २१.४८ मेगाहर्ट्झ येते, जिथे प्रसारणाचा १३ मीटरचा बँड आहे. माझा बँडपास फिल्टर वरच्या बाजूला तेवढा तीव्र नव्हता. त्याच्या आधी सुमारे ९ मेगाहर्ट्झला कापणारा लोपास फिल्टर जोडताच ते केंद्र गेले.

ऑडिओच्या बाजूला त्या मानाने थोडेच काम उरले होते. एलएम३८६ चा पुरवठ्याच्या तारेतून पहिल्या टप्प्यावर होणारा परिणाम थांबवण्यासाठी पहिल्या ट्रान्झिस्टरला एका वेगळ्या ट्रान्झिस्टरमधून गाळलेला पुरवठा दिला. या रिसीव्हरमध्ये आपोआप वाढ आवरणारी सोय नाही, त्यामुळे जवळच्या केंद्राचा आवाज फाटतो. तिथे ऑडिओचे बटन कमी करण्यापेक्षा अँटेनाकडचा अ‍ॅटेन्युएटर वाढवणे योग्य ठरते. फाटणे पहिल्या टप्प्यांत होत असेल तर शेवटचे बटन कमी करून फक्त फाटलेलाच आवाज लहान होतो. म्हणून तो १० डेसिबेलचा अ‍ॅटेन्युएटर आता पुढच्या पट्टीवर स्विचने कायमचा बसवला आहे, आणि संध्याकाळी मी तो बहुधा लावूनच ठेवतो, कारण ७ मेगाहर्ट्झवर बाहेरचा नैसर्गिक गोंगाटच इतका असतो की १० डेसिबेल गमावल्याने दुबळी केंद्रे हरवत नाहीत.

दुसरी साइडबँड, म्हणजे ऑसिलेटरच्या दुसऱ्या बाजूचे सिग्नल, मात्र अजून तशीच ऐकू येते. तिच्यासाठी दोन मिक्सर, ९० अंशांच्या फरकाचे दोन ऑसिलेटर सिग्नल आणि ऑडिओत तसाच फेज फरक देणारे जाळे लागते. फेजमध्ये एका अंशाची चूक राहिली, तर दुसरी साइडबँड जास्तीत जास्त ४१ डेसिबेलपर्यंतच दबते, आणि दोन्ही वाटांची पातळीही तितक्याच काटेकोरपणे जुळावी लागते. त्या कामासाठी चौपट फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे २८ मेगाहर्ट्झवर, ऑसिलेटर चालवून ७४एसी७४ या लॉजिक आयसीने चारने भागायचे ठरवले आहे. ७ मेगाहर्ट्झ तेव्हाही मिक्सरच्या कप्प्यातच तयार होईल, पण लॉजिक आयसीच्या तीक्ष्ण कडांमुळे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटी) वाढतील, म्हणून लोपास फिल्टरला आणखी एक टप्पा जोडूनच मी त्या जोडणीला हात घालणार आहे.